धोक्याच्या खुणा

१ सप्टेंबर, सोमवार

"आजपासून माझा तुरुंग सुरू," असं मी सकाळी सहज म्हणून गेले आणि सासूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. "अगं, घरातून निघताना काय बोलतेस! तुरुंगातलं काम सुरू, असं म्हण." नवरा हसला. लेक खारू हसली नाही. तिने विचारलं, "तिथे वाईट माणसं असतात ना?" मी म्हटलं, "माणसं असतात." हे उत्तर मला फारच आवडलं. दिवसभर स्वतःवर खूश होते.

शाळेत समुपदेशक म्हणून इतकी वर्षं परीक्षेची भीती आणि मैत्रिणींचे रुसवे निस्तरले. चाळिशीच्या तोंडावर न्यायवैद्यक मानसशास्त्र शिकायचं खूळ डोक्यात घेतलं. नवऱ्याच्या मते हे नाव एका दमात म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे पदवी द्यायला हवी. पहिलं वर्ष पुस्तकांत गेलं. यंदा तुरुंगातल्या मनोविकार विभागात, आमच्या मार्गदर्शक बाईंच्या हाताखाली काम.

बाई मोजकं बोलतात. खुर्ची नेहमी दाराजवळची घ्यायची. स्वतःबद्दल काही सांगायचं नाही, चहात साखर किती घेता हेसुद्धा नाही. मुलाखतीचं रेकॉर्डिंग विभागाबाहेर न्यायचं नाही. यातला शेवटचा नियम सगळेच विद्यार्थी मोडतात, कारण विभागात संगणक दोन आणि आम्ही नऊ.

११ सप्टेंबर, गुरुवार

माझ्या वाट्याला 'मास्तर' आला. हे नाव त्याला पहारेकऱ्यांनी दिलंय. घरी शिकवण्या घ्यायचा. तिथे येणाऱ्या मुलांशी त्याने जे केलं, त्यासाठी बरीच वर्षं आत आहे. आता मुदतीआधी सुटका मागतोय. तो बाहेर आला तर धोका किती, हे बाईंनी न्यायालयाला कळवायचं. त्यासाठीच्या दर गुरुवारच्या मुलाखती आणि अहवालाचा पहिला मसुदा माझ्याकडे.

मी मनाशी राक्षस रंगवून गेले होते. समोर आला तो चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला, नीट भांग पाडलेला माणूस. टेबल जमिनीला ठोकलेलं, भिंती अर्ध्यापर्यंत हिरव्या. मी आत जाताच तो उठून उभा राहिला. "या मॅडम. दाराजवळच बसा, तसा नियम आहे."

मला हसू आलं. तोही हसला. हसायला नको होतं का? पण संवाद जुळल्याशिवाय माणूस उलगडत नाही, हेही शिकवलंय आम्हाला.

१४ सप्टेंबर, रविवार

खारू दिवसभर समोर पूलकाकांकडे. ते सरकारी खात्यात पुलांचे आराखडे काढायचे. निवृत्त झाल्यावर आता आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल करतात. बायको गेली, मूलबाळ नाही. गेल्या वर्षी खारूने शाळेसाठी केलेला पूल मधोमध मोडला, तेव्हा ती जिन्यात रडत बसली होती. काका म्हणाले, "मोडला म्हणजे कुठे कमजोर होता ते कळलं की! चल, बघू." तेव्हापासून शाळा सुटली की दप्तर आमच्या घरात आणि मुलगी त्यांच्या. सासूबाई म्हणतात, "ह्या पोरीचं रेशनकार्ड तिकडेच करा."

मला बरंच आहे. अभ्यासाला वेळ मिळतो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज मास्तर पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. "लोकांना वाटतं आम्ही मुलांना फूस लावतो. मॅडम, आधी आईबापांना जिंकावं लागतं. मुलापर्यंतचा रस्ता त्यांच्या घरातून जातो. त्यांना वेळ नसतो, आपल्याकडे असतो. ते आभारी असतात." कसलाही आवेश नाही. मी झरझर लिहून घेतलं. असं कुठल्या पुस्तकात मिळतं?

मग मध्येच म्हणाला, "बाहीला फेविकॉल लागलाय. घरात लहान मूल दिसतंय."

मी म्हटलं, "मुलगी. दहा वर्षांची. पूल बांधते." बोलून गेले. एवढ्याशा गोष्टीने काय होतंय? उलट त्यानंतर तो अर्धा तास आपणहून बोलत होता. आवळा देऊन कोहळा काढला म्हणायचा.

२ ऑक्टोबर, गुरुवार

"पूल झाला का पुरा?" सुट्टी असूनही ठेवलेल्या मुलाखतीत मास्तरने आल्या आल्या विचारलं. मी म्हटलं, नाही अजून.

"एकटीच करते?"

"समोर एक काका आहेत. ते शिकवतात."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "छान आहे," म्हणाला. मग विषय बदलला. मी दोनतीनदा विचारलं तेव्हा कुठे बोलला. "जाऊ द्या. माझ्या तोंडी शोभत नाही. चांगला माणूस असेल. फक्त एवढंच बघा, त्याने तिला काही दिलंय का? आणि दोघांत काही गुपित आहे का? नसेल. नसेलच."

संध्याकाळी रेकॉर्डिंग उतरवून काढायला बसले. हेडफोनची एक बाजू मेली आहे, म्हणून जेवणाच्या टेबलावर हेडफोनशिवायच, हळू आवाजात लावून लिहिते. खारू आत गृहपाठ करत होती. 'नसेलच' हा शब्द मी बऱ्याचदा मागे नेऊन ऐकला.

५ ऑक्टोबर, रविवार

काकांनी खारूला चिमटा दिलाय, त्यांच्या नोकरीच्या काळातला, मखमली डबीत. ती डबी त्यांच्या बायकोची. मी विचारलं, "इतकी जपलेली वस्तू तुला का दिली?" "माझा हात स्थिर आहे म्हणून." "असं ते म्हणाले? हात धरून म्हणाले का?" खारूने डबी मिटून घेतली.

मग मी सहज विचारावं तसं विचारलं, तुम्हा दोघांचं काही गुपित आहे का?

तिचा चेहरा उतरला. "आहे. पण सांगणार नाही. मी सांगेन तेव्हा सांगेन."

भेटवस्तू, कौतुक, एकांत, गुपित. पाठ्यपुस्तकात याच क्रमाने दिलंय.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नवऱ्याशी भांडण. "पराचा कावळा करतेस," म्हणाला. मी म्हटलं, तू पंप विकतोस, तुला काय कळतं यातलं? हे बोलायला नको होतं. पण काकांना आपण ओळखतो, हेच त्याचं एकमेव म्हणणं. मास्तरच्या शेजाऱ्यांनीही साक्षीत तेच सांगितलं होतं.

खारूचं समोर जाणं बंद केलंय. कारण विचारलं तर अभ्यास म्हणून सांगितलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

खारूशी रोज थोडं बोलते. थेट प्रश्न नाहीत, सुचवणं नाही, मुलाच्या कलाने घ्यायचं. सगळं शिकवल्याप्रमाणे करते. "काकांकडे तुला सगळ्यात काय आवडायचं? आणि काय आवडायचं नाही? दार उघडं असायचं की लावलेलं?" ती आधी उत्तरं द्यायची. आता माझी चाहूल लागली की पुस्तकात डोकं घालते.

तिचं पोट दुखतंय. जेवत नाही. काल शाळेतून फोन आला की वर्गात रडली. झोपेत दचकते आणि आजीच्या अंथरुणात जाऊन झोपते. माझ्याजवळ येत नाही. यादीतली जवळजवळ प्रत्येक खूण दिसते आहे. आपला अंदाज चुकावा अशी इतकी इच्छा मला कधीच झाली नव्हती.

२० ऑक्टोबर, सोमवार

खालच्या मजल्यावरच्या जुळ्यांच्या आईला सांगितलं. तिची मुलंही काकांकडे जातात, तिला अंधारात कसं ठेवायचं? एवढंच म्हणाले, "मी काही आरोप करत नाही. फक्त लक्ष ठेव. मी या विषयात शिकतेय म्हणून सांगते." तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझा हात घट्ट धरला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

तोंडातून निघालेला शब्द जिना चढायला वेळ लावत नाही. काल रात्रीच इमारतीच्या कमिटीची माणसं काकांकडे जाऊन आली. मुलांना घरात घेऊ नका, असं सांगितलं म्हणे. सकाळी त्यांच्या दाराबाहेर काड्यांनी भरलेली खोकी कचऱ्यासाठी ठेवली होती.

मास्तरला दिसलंच माझ्या तोंडावर. "काय झालं मॅडम?" मी थोडक्यात सांगितलं. का सांगितलं? कारण या विषयावर माझं म्हणणं हसण्यावारी न नेणारा तो एकटाच आहे.

"आई म्हणून बरोबर केलंत," तो म्हणाला. "शंभर लोक तुम्हाला वेडी म्हणतील. म्हणू दे." मग पाठ टेकून, हातावर हात ठेवून बसला. इतका शांत आणि समाधानी मी त्याला कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या मुलाला वाचवण्यात त्याला बरं वाटतंय, हे सुधारणेचं फार मोठं लक्षण आहे. मसुद्यात तसं लिहिलं. धोका: कमी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लिहायचं मनात नाही. तरी लिहिते.

बाईंनी मसुदा वाचून सगळी रेकॉर्डिंगं मागवली आणि ओळीने ऐकली. आज मला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि तेवीस तारखेचं लावलं. माझाच आवाज. मी माझ्या शेजाऱ्याबद्दल, माझ्या मुलीबद्दल त्या माणसाला सांगतेय, आणि तो मधूनमधून "हं... हं..." करतोय. मी पुष्कळ मुलाखती ऐकल्यात. ही मुलाखत तो घेत होता.

बाईंनी यंत्र बंद केलं. "काय ऐकू आलं?"

मी वहीची पानं चाळू लागले.

"आईबापांना आधी जिंकावं लागतं, असं त्याने तुला तिसऱ्याच भेटीत सांगितलं होतं. तू लिहूनसुद्धा घेतलंस. मग पुढे काय केलंस?"

"पण बाई, खुणा होत्या. गुपित खरंच होतं. तिचं पोट दुखत होतं."

"पोट कधीपासून दुखतंय?"

मी मनात मागे जात गेले. ती काकांकडे जात होती तोवर काहीच नव्हतं. जाणं बंद झालं आणि माझे प्रश्न सुरू झाले, तेव्हापासून.

"शंका आली, हे चुकलं नाही तुझं," बाई म्हणाल्या. "मुलाच्या बाबतीत शंका यावीच. पण शंका आली तर माझ्याकडे यायचं, मुलांशी बोलणाऱ्या तिऱ्हाईत माणसाकडे न्यायचं. तू आधीच निकाल लावलास आणि मग पुरावा मागत बसलीस. तोही कुणाकडे? दहा वर्षांच्या पोरीकडे आणि त्याच्याकडे."

मी म्हटलं, "मी त्याला सोडवणार होते." हे मी रडत म्हटलं की ओरडून, आठवत नाही.

"हो," बाई म्हणाल्या. "त्यासाठीच तो तुझ्याशी इतका छान वागत होता."

मला या कामातून काढलंय. खारूला उद्याच त्यांच्या ओळखीच्या बालमानसतज्ज्ञ ताईंकडे न्यायचंय. मी बाहेर बसायचं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ताईंनी खारूला खूप वेळ आत ठेवलं. बाहेर आली ती हातात चित्र घेऊन. मला दाखवलं नाही, सोबत आलेल्या आजीला दाखवलं. ताई मला म्हणाल्या, काकांकडे काहीही वावगं घडलेलं नाही. मूल घाबरलंय ते वेगळ्याच गोष्टीने. "घरी सांगायला तयार आहे, पण आजीसमोर म्हणते."

घरी सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं. खारू भिंतीकडे बघत बोलली. "तुझ्या मशिनमधला माणूस. तो हळू बोलतो ना, तो. मी आतून ऐकायची. तो त्या मुलांबद्दल सांगायचा. मला नीट कळायचं नाही, पण कळायचं पण."

मी जवळ सरकले तशी ती आजीला बिलगली.

"मी पूलकाकांना विचारलं, तो असं का करायचा. तर त्यांनी हातातला पूल खाली ठेवला. मग म्हणाले, हे तू आईला सांगायला हवंस, की तुला ऐकू येतं. मी म्हटलं, मग आईची शाळा बंद होईल. मशिन घरी आणते म्हणून बाई तिला काढतील. तर म्हणाले, बरं, तू धीर गोळा कर, पण तूच सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन. हेच गुपित होतं."

नवरा खिडकीपाशी उभा होता, पाठ फिरवून. सासूबाई खारूच्या केसांत हात फिरवत राहिल्या आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "चोर सोडून संन्याशाला सुळी."

९ नोव्हेंबर, रविवार

समोरची बेल वाजवली. काकांनी दार उघडलं, पण साखळी लावूनच. मी जे पाठ करून गेले होते, त्यातलं अर्धंही बोलता आलं नाही. "चुकलं माझं. फार मोठं चुकलं."

"खारू कशी आहे?" त्यांनी पहिलं हे विचारलं.

"तिने सगळं सांगितलं."

"बरं झालं." ते म्हणाले. "मी तुमच्याकडे यायला हवं होतं हो, त्याच दिवशी. पोरीला शब्द दिला होता, म्हणून वाट बघत राहिलो. तिथे माझंही चुकलंच."

"नाही काका, तुमचं काही—"

"ऐका." आवाज चढला नव्हता. "तुम्ही मला विचारलं असतंत, अगदी तोंडावर, तरी मी रागावलो नसतो. पोटच्या पोरीसाठी माणूस विचारणारच. तुम्ही मला सोडून सगळ्यांना विचारलंत." मग साखळीमागून त्यांनी आपले हात बघितले, जणू दुसऱ्याचे असावेत. "परवा जिन्यात जुळ्यांतली एक घसरली. मी पुढे झालो आणि तसाच थांबलो. पडू दिली तिला. गुडघा फुटला पोरीचा. मी हात खिशात घालून उभा."

मी पुन्हा माफी मागायला लागले.

"खारूला सांगा, चिमटा तिचाच आहे. पण इकडे पाठवू नका. तुमच्यावर राग आहे म्हणून नव्हे. मलाच आता भीती वाटते."

१६ नोव्हेंबर, रविवार

कमिटीची सभा बोलावली. सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की मी जे पसरवलं ते खोटं होतं, काकांनी माझ्या मुलीचं भलंच केलं. माझ्या शिक्षणाचा हवाला देऊन मी सगळ्यांना घाबरवलं, हेही सांगितलं. काका आले नव्हते. लोक खाली माना घालून ऐकत होते. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे, गैरसमज होतात," आणि पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

जुळ्यांची आई जिन्यात भेटली. "तुम्ही आज म्हणता नाही," ती म्हणाली. "पण तेव्हा तुम्हीच म्हणालात ना? मी नाही बाई आता पाठवणार." तिला मी दोष कसा देऊ? तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती माझ्याच हातची होती.

३ डिसेंबर, बुधवार

बाईंनी स्वतः सगळ्या मुलाखती पुन्हा घेऊन अहवाल पाठवला. न्यायालयाने मास्तरचा अर्ज फेटाळला. निकाल ऐकून त्याने पहारेकऱ्याला विचारलं म्हणे, "त्या मॅडमची मुलगी कशी आहे?"

हे बाईंनी मला सांगावं की नाही याचा विचार केला असणार. सांगितलं.

तुरुंगातलं हे वर्ष मला पुन्हा करावं लागणार. मी अभ्यासच सोडते, म्हटलं. बाई म्हणाल्या, "सोडायचं तर सोड. पण चुकलीस म्हणून सोडू नकोस. जिला आपण कधी चुकू असं वाटतच नाही, तिला मी त्या खोलीत पाठवत नाही."

अजून ठरवलेलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

काका गेले. बहिणीच्या गावी, कायमचे. सामान उतरवायला नवरा गेला होता. मला जायचं होतं, पण तो म्हणाला, "तू नको." खारू खिडकीतून टेम्पो दिसेनासा होईपर्यंत बघत होती. मग म्हणाली, "ते वाईट नव्हते ना?"

"नाही."

"मग ते का गेले?"

मुलांशी वयाला झेपेल असं बोलायचं असतं. मला एकच वाक्य सुचलं, तेच बोलले. "माझ्यामुळे."

ती विचार करत राहिली. मी हजार प्रश्न गिळले. "तू त्यांना सॉरी म्हणालीस?" "म्हणाले." "तरी गेले?" "तरी गेले." तिने मान डोलावली, जशी मोठी माणसं डोलावतात, आणि आजीकडे गेली.

१८ जानेवारी, रविवार

विभागात पुन्हा नाव घातलं. उन्हाळ्यानंतर पहिल्यापासून सुरुवात. नवरा म्हणाला, "बघ बाई," पण आज संध्याकाळी चहा त्यानेच केला. खारूचं पोट दुखायचं थांबलंय. अजून आजीजवळच झोपते.

समोरच्या घरात नवीन बिऱ्हाड आलं. दुपारी आम्ही दोघी बाजारातून परतलो तर जिन्यात खोकी, गाद्या, उलट्या खुर्च्या, आणि मधोमध घामाघूम झालेला एक माणूस. केस पिकलेले, तोंडभर हसू. वाट करून देत म्हणाला, "या या, सांभाळून. काय गं, नाव काय तुझं? कितवीत आहेस?"

आधी कुणी असं विचारलं की खारू नाव, इयत्ता आणि वर स्वतःच्या दोन गोष्टी सांगायची. आज ती माझ्या मागे झाली. माझी ओढणी धरली आणि वर माझ्या तोंडाकडे पाहिलं. ती त्याला नव्हे, मला विचारत होती, की हा कसला आहे?

मला माहीत नव्हतं. इतकं शिकून, इतकं होऊन, समोरच्या माणसाकडे बघून सांगता येईल असं माझ्याजवळ काहीही नव्हतं.

तो माणूस वाट बघत होता. मीच म्हटलं, "आम्ही समोर राहतो. काही लागलं तर सांगा."

खारूचा हात धरून आत आले. दार लावताना कडीपर्यंत हात गेला होता. कडी लावली नाही, पण हात तिथून काढायला मला वेळ लागला.